घरी जोडत असलेल्या किट कारसाठी (सुट्या भागांचा संच विकत घेऊन स्वतः जोडायची गाडी) ब्रॅकेट आणि छोटे भाग स्वतः बनवून कसे बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅमजवळ राहून लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी जोडताय, इंजिन जुन्या माझदा एमएक्स-५चं आहे, आणि रेडिएटर, सायलेन्सर किटसोबतच्या ब्रॅकेटवर बसत नाहीत. मीही अशीच गाडी कॉव्हेंट्रीतल्या गॅरेजात तीन वर्षं शनिवार-रविवार खपून उभी केली, म्हणून सांगतो.

ब्रॅकेट बनवणं अवघड नाही. पुठ्ठ्याचा नमुना कापा, जागेवर धरून बघा, पटला की ३ मिमी पत्र्यावर आखा, कापा, कानस मारा. डोकं खातं ते त्याला धरायचं कुठे हे. या चेसिसची (गाडीच्या सांगाड्याची) नळी बहुधा २५ मिमी चौकोनी, भिंत जेमतेम १.६ मिमी. त्यात एम६चे (६ मिमी जाड बोल्टचे) आटे पाडलेत तर बोल्टला मिळतात दीडच आटे, कारण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. पान्ह्याला जरा जोर लागला की गेलेच. आरपार भोक पाडून लांब बोल्ट घातलात तर कसताना नळीच चेपते, आणि चार दिवसांनी बोल्ट ढिला. म्हणून भार असेल तिथे भोकातून जाड पोकळ बुश (जाड भिंतीच्या नळीचा तुकडा) आरपार घाला, दोन्ही तोंडांना वेल्ड करा आणि बोल्ट त्यातून काढा. वायरिंगच्या क्लिपांसारख्या हलक्या गोष्टींना रिव्हनट (रिव्हेटसारखा पत्र्यात पक्का बसणारा नट) पुरतो.

सायलेन्सरच्या बाबतीत मी माती खाल्ली आहे. इंजिन रबरी माउंटवर असतं, ॲक्सिलरेटर दिला की कुशीवर वळल्यासारखं हलतं. मी सायलेन्सर चेसिसला पट्टीने थेट आवळला होता. तिसऱ्या आठवड्यात गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली. मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गळ्याशी केसासारखी चीर. वेल्डरला मनातल्या मनात शिव्या दिल्या, पुन्हा वेल्ड करून घेतलं, पुन्हा तिथेच तडकलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: इंजिन हलतं, सायलेन्सर हलत नाही, मग मधला गळाच तडकणार. पट्टी आणि चेसिसच्या मध्ये रबरी बॉबिन (दोन्ही टोकांना बोल्ट असलेले रबराचे ठोकळे) घातले, त्यानंतर चीर नाही. रेडिएटरलाही तोच न्याय: खालून दोन रबरी गाद्यांवर बसवा, वरून फक्त पुढेमागे डुलणार नाही इतकं धरा.

आयव्हीए तपासणी, म्हणजे अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी ब्रिटनमध्ये होणारी सरकारी तपासणी, आत्ताच डोक्यात ठेवा. बाहेरच्या ज्या कडेला १०० मिमी व्यासाचा गोळा टेकू शकतो, तिची गोलाई (त्रिज्या) किमान २.५ मिमी लागते. आता हिशोब करा: ३ मिमी पत्र्याच्या कडेला कितीही कानस मारलीत तरी दोन्ही बाजूंनी मिळून १.५ मिमीच्या वर गोलाई येणारच नाही. मग एक तर कड आत दुमडायची, किंवा रबरी पट्टी चढवायची, किंवा ब्रॅकेट गोळा पोचणार नाही अशा कोपऱ्यात न्यायचं. हे मला पावडर कोटिंग (भुकटीचा भट्टीत भाजलेला रंग) झाल्यावर कळलं.

पावडर कोटिंगवरून आठवलं, आधी सगळी गाडी कच्ची जोडा, अगदी शेवटच्या क्लिपपर्यंत, मग उकला, मगच रंगाला पाठवा. आणि रंगातून वीज जात नाही, तेव्हा अर्थिंगच्या जागा खरवडून चकचकीत करा. इंजिन रबरावर असल्याने त्याला चेसिसपर्यंत जाड अर्थ पट्टी हवीच. ती विसरलात तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढू बघतो आणि केबल तापते.

स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्टचे टेकू मात्र स्वतः वेल्ड करू नका. मी बापाच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकलो, तरी ते काम पैसे देऊन करून घेतलं.

रेडिएटरचा फोटो टाका, आणि पुढच्या नळीपासून नाकाच्या फायबरपर्यंत किती मिमी जागा उरते तेही मोजून लिहा. गादी कुठे बसेल ते त्यावरून सांगतो.