चिनी लेखिका फंग युआनजुन कथाकार होत्या की नाट्यसंशोधक?
फंग युआनजुन (1900–1974) दोन्ही होत्या. कथा त्यांनी तरुणपणी लिहिल्या, तर पुढचे आयुष्य प्राचीन चिनी साहित्य आणि संगीतनाट्याच्या संशोधनाला व अध्यापनाला दिले. ‘प्रवास’ या कथेत आगगाडीतल्या तरुणीला प्रियकराचा हात धरावासा वाटतो, पण धीर होत नाही; एवढ्याशा प्रसंगातून घरच्यांनी ठरवलेल्या विवाहाविरुद्धचे बंड उभे राहते, आणि माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत जिवंत लेखन आहे. त्यांच्या कथासंग्रहाचे नाव ‘ज्वानश्री’, म्हणजे गाभा उपटला तरी न मरणारे गवत. 1935 मध्ये त्यांनी पॅरिसला डॉक्टरेट मिळवली. जुन्या नाट्यावरचा त्यांचा महत्त्वाचा लेखसंग्रह 1947 मध्ये निघाला. मात्र ही विभागणी काटेकोर नाही, कारण पहिल्या कथा छापून येत होत्या तेव्हाच त्या पेकिंग विद्यापीठात अभिजात साहित्याचे संशोधन करत होत्या.