ससा ठणठणीत, गिनीपिग आजारी

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे तीन वर्षांचा ससा आहे. महिन्यापूर्वी मुलीच्या हट्टापायी दोन गिनीपिग आणले. एकाच पिंजऱ्यात ठेवू नयेत असं ऐकलं होतं, म्हणून दोन पिंजरे शेजारी-शेजारी ठेवलेत. जाळीतून ते एकमेकांना हुंगतात. परवापासून एक गिनीपिग शिंकतोय, खाणंही कमी झालंय. ससा मात्र ठणठणीत आहे. सशाचं मागचं औषध उरलंय, ते देऊ का?

उत्तर : नका देऊ. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकं गिनीपिगच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि त्यातच जीव जातो. माणसांचं किंवा कुत्र्याचं उरलेलं औषधही नको. आजच्या आज त्याला पशुवैद्याकडे न्या. गिनीपिगचं पोट सतत चालू लागतं, त्यामुळे अर्धा दिवस काही न खाणं हेसुद्धा त्याच्यासाठी गंभीर आहे. श्वास घेताना कुशी जोरात हलत असतील, तर एक तासही थांबू नका.

तिथे गेल्यावर एक गोष्ट न विचारता सांगा : घरात ससा आहे आणि त्याचा पिंजरा शेजारीच आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हे विचारायला चुकले होते. न्यूमोनिया झालेला एक गिनीपिग माझ्याकडे आला होता. घरी ससा असल्याचं दुसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं. तोवर ससा शेजारीच होता, आणि घरात दुसराही गिनीपिग होता. आता कुणी गिनीपिग घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न सशाचाच असतो.

त्याचं कारण बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जिवाणू. अनेक सशांच्या नाकात आणि श्वासनलिकेत तो मुक्काम करून असतो. ससा खातो, पितो, उड्या मारतो. काही जाणवतच नाही. हाच जिवाणू गिनीपिगच्या फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कधी कधी लक्षणं नीट दिसायच्या आतच प्राणी दगावतो. म्हणून ‘ससा ठणठणीत आहे’ या गोष्टीवर विसंबू नका. शिंकेचे तुषार जाळीने अडत नाहीत. शिवाय हा जिवाणू आपल्या हातावरून, वाटीवरूनही जातो.

तुमच्याच सशाने हे दिलं, असं मी म्हणत नाही. नव्या गिनीपिगांनी तो जंतू आधीपासून आणलेला असू शकतो. गवताच्या धुळीनेही शिंका येतात, ओल्या अंथरुणातून सुटणाऱ्या अमोनियानेही श्वसनमार्ग चुरचुरतो. नेमकं कारण तपासणीतूनच कळेल. मुलीला हे जरूर सांगा. सशावर राग धरण्यासारखं काही घडलेलं नाही.

पिंजरे मात्र आजच वेगळे करा. एकाच खोलीची दोन टोकं नकोत, खोल्याच वेगळ्या हव्यात. आजारी गिनीपिगला ठेवायचं कुठे, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. निरोगी गिनीपिगचं आधी करा, मग सशाचं, आजाऱ्याचं सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येकानंतर साबणाने हात धुवा. वाट्या, पाण्याच्या बाटल्या, ब्रश, झाडणी हे सगळं वेगळं ठेवा. केसांतले माइट्स (बारीक परजीवी किडे) आणि गजकर्णाची बुरशीही अशाच सामायिक वस्तूंवरून पसरते.

दोघांना एकच खाद्य देताय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत तसंच होतं. ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही. सशाच्या पेलेट्सवर (खाद्याच्या सुक्या गोळ्यांवर) ठेवलेल्या गिनीपिगला स्कर्व्ही होते : हिरड्या-सांधे दुखतात, तो हलेनासा होतो, संसर्गाशी झुंजायची ताकद जाते. गिनीपिगसाठीच्या पेलेट्समध्ये हे जीवनसत्त्व घातलेलं असतं, पण साठवणीत कमी होत जातं. म्हणून ताजी ढोबळी मिरची रोज द्या, आणि आजारपणात वेगळी मात्रा लागेल का ते डॉक्टरांना विचारा. वाळलेलं गवत दोघांनाही भरपूर हवं.

राहिला हुंगण्याचा प्रश्न. जाळीतून नाकाला नाक लागलेलं बघून दोस्ती जमली असं वाटतं, पण दोघांची भाषा निराळी. गिनीपिगला गिनीपिगची सोबत आहेच. तुमच्या सशाला सोबत हवी असेल, तर नसबंदी केलेला दुसरा ससा बघा, पण हे आजारपण पूर्ण निस्तरल्यावर.

तोवर दोन्ही गिनीपिगांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरल्या वेळी तोला आणि आकडा लिहून ठेवा. शिंक नसतानाही वजन उतरू लागलं, तर दुसऱ्यालाही घेऊन जा.