पाढा येत नाही, हातचा चुकतो: डिसकॅल्क्युलियाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. कविता चटकन पाठ होतात, पण सातचा पाढा रात्री म्हटला तरी सकाळी आठवत नाही. हा आळस की डिसकॅल्क्युलिया?

उत्तर: आळस नक्कीच नाही. कवितेला चाल असते, अर्थ असतो. पाढ्यातली उत्तरं मात्र एकमेकांत मिसळतात: सात नवे त्रेसष्ट, आठ आठे चौसष्ट. पण नुसता पाढा विसरणं म्हणजे डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि आकडेमोड शिकण्यातली अध्ययन अक्षमता, नव्हे. घरी तीन गोष्टी बघा. चार चिंचोके क्षणभर दाखवून झाका. बहुतेक मुलं न मोजता ‘चार’ म्हणतात, ती एकेक मोजू बघते का? ८ आणि ५ पैकी मोठी संख्या कोणती, याला वेळ लागतो का? ६ + ३ करताना सहाच्या पुढे मोजते, की पुन्हा एकपासून?

तिन्हींत अडखळत असेल तर संख्येची जाणच कच्ची आहे. घोकंपट्टीने ती येणार नाही. आधी वस्तू मोजणं, जोड्या लावणं, संख्यारेषेवर पुढेमागे जाणं हवं. तिन्ही जमत असतील तर अडचण उत्तर आठवण्यात आहे. मग येणाऱ्या उत्तरावरून न येणारं काढायला शिकवा: सात पंचे पस्तीस, त्यात सात मिळवले की सात सक बेचाळीस. सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न म्हणजे सात आठे. बोटं वापरली तर रागावू नका. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या. नेमकी मदत देऊनही सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या.

प्रश्न: मुलगा ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहितो. दुसरीत आहे. काळजी करावी का?

उत्तर: एवढ्यावरून नको. मराठीत एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. ऐकलेला तीन मनात धरून आधी चार लिहायचा, हा सगळा भार वर्किंग मेमरीवर, म्हणजे काम करता करता गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, पडतो. एकोणपन्नासला तर पन्नास ऐकू येतो आणि लिहायचे असतात चार दशक! २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस तीन’ असं वाचन आलं, तेव्हा बरीच टीका झाली. अडखळणाऱ्या मुलांना ते वाचन उपयोगी पडतं, असं आमचं मत आहे. ४० चं रुंद कार्ड घ्या, त्यातल्या शून्यावर ३ चं छोटं कार्ड ठेवा. मुलाने आधी ‘चाळीस तीन’ म्हणावं, मग ‘त्रेचाळीस’, आणि मग लिहावं.

प्रश्न: चौथीतली एक विद्यार्थिनी ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिते. हातचा दहादा समजावला आहे. – एक शिक्षिका

उत्तर: ती ७ मधून २ वजा करते आहे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हे वाक्य तिने प्रत्येक स्तंभाला लावलं आहे. अकराव्यांदा समजावण्याआधी काड्या काढा. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. ‘सात दे’ म्हणा. सुट्या पुरत नाहीत, म्हणून एका गठ्ठ्याचं रबर तिलाच काढू द्या: चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. प्रत्येक कृतीनंतर लगेच वहीत तीच खूण करायची: ५ खोडून ४, २ च्या जागी १२. काड्या आज आणि लेखी गणित उद्या, असं केलं तर दोन्हींचा संबंध तुटतो.

मुख्य अडचण पुढे येते. १२ − ७ बोटांवर मोजता मोजता दशकाचे चार उरलेत हे निसटतं. म्हणून ते कागदावर हवं, डोक्यात नको. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच अंक. वीस गणितांऐवजी पाच द्या आणि घड्याळ लावू नका. भीतीही वर्किंग मेमरीतली जागा खाते.

प्रश्न: स्मरणशक्ती वाढवणारे मोबाइल खेळ घ्यावेत का?

उत्तर: त्यांनी मूल त्या खेळात तरबेज होतं, गणितात तो फायदा फारसा उतरत नाही. तोच वेळ काड्यांना द्या.

प्रश्न: मुलगी नववीत आहे. बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते का?

उत्तर: मिळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तीत डिसकॅल्क्युलियाचा उल्लेख आहे. जादा वेळेसारख्या सवलतींसाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो. चाचणीला वेळ लागतो, तेव्हा नववीतच सुरुवात करा. जाताना गणिताच्या जुन्या वह्या खाडाखोडीसकट न्या. चूक नेमकी कोणत्या पायरीवर होते हे तपासणाऱ्याला त्यांतून दिसतं.