संध्याकाळी फर्मेंटर तापतोय? यीस्ट बदलायच्या आधी हे वाचा

चिकोडीकडच्या भावानं विचारलंय, ३ लाख लिटरचा फर्मेंटर (अल्कोहोलसाठी आंबवायची टाकी), मोलॅसिसवर म्हणजे साखर कारखान्याच्या मळीवर चालू, लाईट जाऊन आली की टेंपरेचर ३३ वरनं ३७ वर, फेस पार वरपर्यंत आणि ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) उतरायचंच थांबतंय, तर यीस्ट बदलू काय.

नको ओ. आधी बघा तुमच्या जनरेटरवर काय काय आहे. आमच्याकडं फीड पंप (टाकीत मोलॅसिस सोडणारा) जनरेटरवर होता पण कूलिंग टॉवरचा पंप नव्हता, म्हणजे लाईट गेली तरी साखर आत जायचीच आणि थंड करणारं कोण नाही. एवढ्या मोठ्या टाकीत उष्णता भिंतीतनं बाहेर जात नाही, जोरात आंबत असताना तासाला अंश-दीड अंश आरामात चढतो. ३६ च्या वर यीस्ट दमतं, साखर साठत जाते. मग लाईट आली की शिफ्टवाला राहिलेलं भरून काढायला फीड वाढवतो, आणि टाकी गार होऊन यीस्ट जागं झालं की साठलेली आणि नवी साखर एकदम आंबते. तेवढ्यात खालनं ओरडा, "नोरी बंतरी!" (कन्नडमध्ये, फेस आला हो!) की हा शिफ्टवाला अँटीफोम, म्हणजे फेस मारायचं तेल, बादलीनं ओततो. ते तेल प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (टाकीतला माल पाण्यानं गार करणाऱ्या यंत्राच्या) प्लेटांवर बसतं, कूलिंग अजून कमी. यीस्टचा काय दोष?

म्हणून लाईट गेली की पहिलं फीड बंद, बाकी सगळं नंतर. परत चालू करताना ब्रिक्स उतरायला लागलंय हे बघूनच, निम्म्या रेटनं.

अजून एक, मोलॅसिसची टाकी बदलली काय? सी हेवीत (साखर शेवटपर्यंत काढलेली मळी) आंबणारी साखर साधारण ४०-४५ टक्के, बी हेवीत (एक टप्पा आधीच काढलेली) ५० च्या आसपास, फीड लिटरवर तेवढंच ठेवलं तर लाईट न जाताही तापणार.

आता तापलेल्या बॅचमध्ये बॅक्टेरिया घुसतातच, लॅक्टिकवाले यीस्टपेक्षा भराभर वाढतात आणि गरमी त्यांना मानवते. पीएच ४.५ वरनं आपोआप खाली घसरत असेल तर ॲसिड डोसिंग बंद आहे ना बघा, मग व्होलाटाइल ॲसिडिटी (उडून जाणाऱ्या आम्लांचं प्रमाण) काढा. घर त्यांचं बहुतेक प्लेटांच्या गाळात नाहीतर सँपल व्हॉल्व्हच्या नळीत असतं, कॉस्टिकनं सीआयपी (न खोलता आतनं धुणं) केल्याशिवाय नुसतं अँटिबायोटिक टाकून पैसे जातात.

मिथिलीन ब्ल्यू लावून मेलेल्या पेशी मोजा, निळ्या दिसतात त्या मेलेल्या. तो आकडा, दोन दिवसांचं तासातासाचं टेंपरेचर आणि प्लेटांच्या आत-बाहेरचं पाण्याचं टेंपरेचर इथं टाका, मग बघू.




आणि फेस सांडला म्हणून खालच्या खड्ड्यात माणूस उतरवू नका हं, आंबताना निघणारा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) तिथंच साठतो, माणूस गुदमरतो.