टाइप ए डिसेक्शनमध्ये स्टेंटसाठी थांबू नका

सांगलीहून आपण लिहिले आहे की एकाहत्तर वर्षांच्या वडिलांच्या सीटी अँजिओमध्ये टाइप ए डिसेक्शन (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, म्हणजे महाधमनीच्या आतल्या थराला हृदयालगत पडलेली फाट) निघाले असून डॉक्टर आजच छाती उघडून शस्त्रक्रिया करायला सांगत आहेत, आणि नातेवाईक मात्र ‘या वयात कापाकापी नको, पायातून स्टेंट बसतो का ते मुंबईला विचारू’ म्हणत आहेत. साताऱ्यात आमच्या थोरल्या दादांच्या उशाशी हीच चर्चा झाली होती, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही. अंतिम निर्णय वडिलांना तपासणाऱ्या शल्यविशारदांचाच.

पायातून घालायचा स्टेंट-ग्राफ्ट (जाळीवर कापडी आवरण असलेली नळी) मुख्यतः टाइप बीसाठी, म्हणजे डाव्या हाताची रक्तवाहिनी निघते त्यापुढच्या महाधमनीसाठी आहे, आणि तिथेही रक्तदाब व नाडी औषधांनी ताब्यात राहिली तर बऱ्याचदा तो लगेच लागत नाही. टाइप एमध्ये फाट हृदयालगतच्या चढत्या महाधमनीत असते. तिथून रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात उतरू शकते, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद होऊ शकतात. उपचाराविना पहिल्या 48 तासांत दर तासाला 1 ते 2 टक्के रुग्ण दगावतात, हा पूर्वापार सांगितला जाणारा आकडा. अलीकडच्या नोंदींत तो कमी आढळला असला, तरी दोन दिवस थांबावे असे त्यातून निघत नाही. वयाबद्दल एवढेच सांगतो की या आजाराचे एक वर्गीकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या डॉ. मायकेल डिबेकी यांना स्वतःलाच हा आजार झाला. प्रकृती ढासळल्यावर 2006 साली, वयाच्या 97व्या वर्षी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले.

आमची खरी चूक वेगळीच होती. सीटीचा निकाल हाती येताच आम्ही दादांना रुग्णवाहिकेत घालून पुण्याकडे निघालो. जिथे जात होतो तिथे महाधमनीची शस्त्रक्रिया करणारा चमू त्या रात्री हजर आहे का, हे फोन करून विचारलेच नाही. त्या मोठ्या रुग्णालयाने आधी अनामत रक्कम भरून घेतली, आणि आमचे शल्यविशारद बाहेरगावी आहेत हे तब्बल तीन तासांनी सांगितले. सीटीची सीडी साताऱ्यातच राहिल्यामुळे दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा सीटी करावी लागली आणि आधीच रक्त कमी पोचत असलेल्या मूत्रपिंडांवर सीटीसाठी शिरेतून देतात त्या रंगद्रव्याचा भार दुसऱ्यांदा पडला. तोवर उजवा पाय थंड पडला होता. त्या पावलातली ताकद आजही पूर्ण परतलेली नाही. त्या काउंटरवरच्या माणसाने पहिल्याच मिनिटाला खरे सांगितले असते तर, हा विचार अजून मला झोपू देत नाही. म्हणून हलवायचेच असेल तर आधी इथल्या डॉक्टरांना तिथल्या शल्यविशारदांशी थेट बोलायला लावा, सीडी स्वतःच्या हातात ठेवा, आणि रक्तदाब उतरवणारे औषध वाटेत चालू राहील याची खात्री करा.

शस्त्रक्रियेचा प्रकार आपण ठरवायचा नसतो. मात्र सही करण्यापूर्वी तो समजून घ्या. दादांची महाधमनीच्या तोंडाशी असलेली हृदयाची झडप जागेवर पुन्हा शिवून वाचवता आली आणि चढती महाधमनी व तिच्यापुढच्या वळणाचा, म्हणजे कमानीचा खालचा भाग काढून डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी जोडली. त्यासाठी शरीर थंड करून, मेंदूला वेगळा रक्तपुरवठा देऊन अभिसरण काही काळ थांबवले होते. महाधमनीच्या मुळाशीच फाट असेल तर झडपेसकट मूळ बदलतात, ती बेंटॉल शस्त्रक्रिया. त्यात धातूची झडप बसवल्यास वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी जन्मभराची होते. फाट कमानीत असेल तर पूर्ण कमान बदलून पुढे स्टेंट जोडलेली नळी सोडतात, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. माझ्या मते जीव धोक्यात असताना नातेवाइकांनी ‘एकदाच सगळे करून टाका’ असा आग्रह धरू नये.

खालच्या महाधमनीतली फाट दादांना अजून आहे, म्हणून दरवर्षी सीटी होते आणि रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकत नाही. वडिलांची शस्त्रक्रिया पार पडली की आपण आणि आपल्या भावंडांनीही इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, कारण हा दोष घराण्यात असू शकतो. आमच्या घरी धाकट्या बहिणीची महाधमनी रुंदावल्याचे त्यातच कळले.