गर्दी, सामसूम आणि हातातला फोन

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला लंडनला चालली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चोऱ्यांचे व्हिडिओ बघून माझी झोप उडाली आहे. खोली कुठल्या भागात घ्यावी? अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नकोस, असं बजावावं का? – एक आई, मुलुंड

उत्तर : तसं बजावून चालणार नाही. डिसेंबरात तिथे चारच्या आधीच सूर्य मावळतो, मग वर्ग सुटेपर्यंत काळोख असणारच. मुंबईकराला गर्दीचा आधार वाटतो आणि रिकाम्या रस्त्याची धास्ती. तिथल्या राहत्या वस्तीत मात्र संध्याकाळी सातलाही सामसूम असते, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. फोन जातो तो ऑक्सफर्ड स्ट्रीटसारख्या भर गर्दीत. फुटपाथच्या कडेला मॅप बघत उभं राहिलं की मागून इ-बाईकवरून येऊन हातातला फोन हिसकावतात. लॉक उघडलेलं असतं, चोराला हवं असतं तेच. मॅप बघायचा तर दुकानाच्या आत शिरून, नाहीतर भिंतीला पाठ लावून.

खरा घोळ पुढे होतो. इथल्या बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो! म्हणून भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घालून खोलीवर ठेवायला सांगा. दोन्ही सिमना पिन लावा, बँकेच्या अ‍ॅपचा पिन स्क्रीन लॉकपेक्षा वेगळा ठेवा. *#06# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत उतरवून घ्या. फोन ब्लॉक करायला आणि पोलिसांत तक्रार द्यायला तो लागतो.

खोली ठरवण्याआधी तिथल्या पोलिसांच्या 'पोलीस डॉट यूके' या साइटवर पोस्टकोड टाका. त्या परिसरात महिनाभरात कुठले गुन्हे नोंदले गेले, ते प्रकारानुसार दिसतं. मोठ्या स्टेशनजवळचे आकडे फुगलेले असतात, कारण तिथे रोज हजारोंची ये-जा असते. त्यामुळे घरफोडीचे आकडे वेगळे काढून दोन राहत्या वस्त्या एकमेकींशी ताडून बघा. तळमजल्याची खोली असेल तर खिडकीला कुलूप आहे ना, हे आधी विचारा.

तातडीला 999, बाकी तक्रारीला 101. मोबाईलवरून 999 लावला आणि बोलणं शक्य नसेल, तर सूचना ऐकू आल्यावर 55 दाबायचं. 'भारताच्या हाय कमिशनमधून (तिथल्या आपल्या वकिलातीतून) बोलतोय, व्हिसात चूक आहे, लगेच पैसे भरा' असा फोन आला तर सरळ कापायचा, मग स्क्रीनवर नंबर खरा दिसत असला तरी.

आणि सोनं बरोबर देऊ नका. आपल्या लोकांच्या घरात दागिने असतात, हे तिथल्या घरफोड्यांना चांगलं माहीत आहे. सणासमारंभाला खोटे दागिने पुरतात.