दहा कोटींची नोटीस आली, व्हिडिओ काढू का?

भावा, प्रश्न वाचला. कारखान्याचं काळं पाणी पंचगंगेत जाताना चित्रित केलंस, व्हिडिओ टाकलास आणि रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली: व्हिडिओ काढा, लेखी माफी मागा, नाहीतर दहा कोटी भरा. घरचे म्हणतायत काढून टाक.

आधी दहा कोटींचं बघू. नोटिशीत आकडा लिहायला कोर्ट फी लागत नाही. दावा टाकताना लागते आणि तेव्हा बऱ्याचदा शून्यं गळतात. महाराष्ट्रात फीला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे पार्टी गब्बर असेल तर गळत नाहीतही. पण नोटीस म्हणजे समन्स नव्हे, एवढं घरच्यांना सांग. वकिलामार्फत चार ओळींचं उत्तर दे. फोनवर त्यांच्याशी काही बोलू नको.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीवरच हा सगळा धंदा चालतो. कसबा बावड्याच्या कोर्टात एका साप्ताहिकाच्या संपादकांवरची बदनामीची फौजदारी केस मी पाहत होतो. अंक छपाईला जायचा दिवस असला तरी संपादक सकाळी हजर. पुकारा झाला की समोरचे ज्युनियर उठायचे, "साहेब, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत," नाहीतर "फिर्यादी बाहेरगावी आहेत". की पुढची तारीख. ज्याची म्हणे अब्रू गेली, तो गृहस्थ त्या व्हरांड्यात मला कधी दिसला नाही. अशा वेळी आपल्या वकिलानं दोन गोष्टी करायच्या. आपल्यासाठी हजेरी माफीचा अर्ज द्यायचा आणि फिर्यादीची गैरहजेरी दर तारखेला रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नोंदवून घ्यायची. बदनामीसारख्या कमी शिक्षेच्या, म्हणजे समन्स केसमध्ये फिर्यादी आलाच नाही, तर मॅजिस्ट्रेट आरोपीला सोडू शकतात.

केसेस टाकून आणि लांबवून माणसाला दमवायचं, जगभर हेच तंत्र आहे. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची २०१७ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून जास्त दावे पडून होते. युरोपियन युनियननं २०२४ मध्ये असल्या दाव्यांविरुद्ध नियम केले. आपल्याकडे तसा खास कायदा नाही. उलट २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं फौजदारी बदनामीचं कलम कायम ठेवलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. पण सुप्रीम कोर्टाचा मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग-झी निकाल तुझ्या वकिलाला जरूर दाखव. खटला चालण्याआधीच लेख काढायला लावणारा मनाई हुकूम सहजासहजी देऊ नका, असं त्यात खालच्या कोर्टांना बजावलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्या कायद्यात, खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, हीही जमेची बाजू. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं. केस रद्द करून घ्यायला पूर्वी मुंबई गाठावी लागायची, तो खर्च वाचला.

आता तुझ्या व्हिडिओबद्दल, जरा कडू बोलतो. पाणी कुठल्या पाइपातून येतंय ते दिसतंय, तो भाग पक्का आहे. मूळ मेमरी कार्ड जपून ठेव, पुसू नको, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुना अहवाल माहिती अधिकारात शिक्का मारून घे. मात्र शेवटी "अधिकाऱ्यांचे हप्ते ठरलेत" म्हणालास, त्याला तुझ्याकडे काय पुरावा आहे? नसेल तर ते वाक्य वगळ आणि दुरुस्ती केली असं खाली लिही. सगळ्या व्हिडिओबद्दल माफीनामा लिहून देऊ नको. तोच कागद उद्या तुझ्याविरुद्ध कोर्टात येईल.

आणि कोर्टात कॅव्हेट टाक, म्हणजे 'आधी मला ऐका' असा अर्ज आधीच देऊन ठेव, म्हणजे तुला न ऐकता एकतर्फी मनाई मिळणार नाही. ते नव्वद दिवसच चालतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. नोटीस कुठल्या गावच्या वकिलाची आहे ते कळव, कॅव्हेट कुठल्या कोर्टात टाकायचं त्याचा अंदाज त्यावरून येईल.